खारव्याची वही

एखादें सुरेख चित्र किंवा पुस्तकाचें देखणें मुखपृष्ठ हातीं आलें आणि त्यावर घरांतील मंडळींत बोलणें निघालें, म्हणजे "ही ईश्वराची देणगी, ती जन्मतःच असावी लागते" असें कोणीतरी वडीलधारें माणूस म्हणतें आणि विषय तेथेंच मिटतो. हें वाक्य दिसावयास स्तुतीचें असलें तरी परिणामीं फार कठोर आहे. कारण तेथेंच कोपऱ्यांत बसून वहीच्या समासांत रेघोट्या ओढणारा जो दहाबारा वर्षांचा मुलगा असतो, किंवा रांगोळीचे ठिपके कागदावर मांडून पाहणारी जी मुलगी असते, तीं या वाक्यावरून आपल्यापुरतें एक अनुमान बांधून मोकळीं होतात. ज्याला देणगी आहे त्याला पहिल्याच रेघेंत साधतें. आपल्याला पहिल्या रेघेंत साधलें नाहीं. त्याअर्थीं आपल्याजवळ ती नाहीं. अनुमानाची मांडणी अगदीं बिनचूक आहे. खोटी आहे ती व्याप्ति. आणि ती खोटी आहे हें दाखविण्यास वादविवाद करीत बसण्याचें कारण नाहीं. ज्यांना जगानें प्रतिभावंत मानलें त्यांच्या कच्च्या वह्या उघडून पाहिल्या म्हणजे पुरें.

अशा वह्या मागें ठेवून गेलेल्यांपैकीं कलकत्त्याचे सत्यजित राय (१९२१–१९९२) यांच्याविषयीं आज लिहावयाचें आहे. चित्रपट-दिग्दर्शक म्हणून त्यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. परंतु त्यांचा मूळ व्यवसाय जाहिरातींचीं चित्रें, पुस्तकांचीं मुखपृष्ठें आणि अक्षरांचीं वळणें आखण्याचा होता. अशा कलावंताला हल्लीं ग्राफिक डिझायनर म्हणतात. आमच्या वाचकांच्या घरीं साहित्य अकादमीनें काढलेलें एखादें मराठी पुस्तक असेल, तर त्यावरील बोधचिन्ह त्यांच्या दृष्टीखालून गेलेलेंच आहे. तें राय यांच्याच हातचें.

त्यांच्या वह्यांना बंगालींत 'खेरोर खाता' म्हणतात. 'खाता' म्हणजे वही आणि 'खेरो' म्हणजे जाडेंभरडें तांबडें सुती कापड. आपल्याकडे दप्तरें आणि पोथ्या ज्या तांबड्या खारव्यांत बांधून ठेवीत, तोच हा प्रकार. शब्दहि एकमेकांचे सख्खेच दिसतात. बंगालमधील दुकानदार आपल्या नववर्षदिनीं, म्हणजे त्यांच्या वैशाखाच्या पहिल्या तारखेस, अशाच तांबड्या वहीची पूजा करून तींत नवा जमाखर्च सुरू करतात. आपल्या इकडील दिवाळींतल्या वहीपूजनासारखीच ती रीत. असली ही वाण्याची वही राय यांनीं आपल्या कलेच्या संसारासाठीं निवडली. निवड केवळ सोयीची असेल, पण आम्हांस ती फार अन्वर्थक वाटते. जमाखर्चाच्या वहीचा पहिला नियम असा कीं तिचें पान फाडावयाचें नाहीं. जमा जशी लिहावयाची तसा खर्चहि लिहावयाचा. भिंतीवर टांगलेल्या चित्रांत चित्रकाराची फक्त जमा दिसते. खर्च किती झाला तें वहीवांचून कळत नाहीं.

राय यांच्या घराण्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार आणि मुद्रक. छायाचित्रांचे हाफटोन ठसे करण्याच्या कृतींत त्यांनीं स्वतः संशोधन केलें, छापखाना काढला, आणि १९१३ मध्यें मुलांसाठीं 'संदेश' नांवाचें मासिक सुरू केलें. वडील सुकुमार राय हे बंगाली बालवाङ्मयांतील अग्रगण्य विनोदी कवि, आणि तेहि चित्रकार. परंतु सत्यजित अडीच वर्षांचेहि नव्हते तोंच वडील वारले, आणि छापखानाहि कांहीं वर्षांत हातचा गेला. येथें कोणी म्हणेल कीं, पाहा, देणगी रक्तांतूनच आली ना! आली असेल, आम्ही ती नाकारीत नाहीं. मम्मटानें काव्याचें कारण सांगतांना शक्तीला पहिलें स्थान दिलेंच आहे. पण लोकव्यवहार, शास्त्रें व काव्यें यांच्या अवलोकनानें येणारी निपुणता आणि जाणत्यांच्या हाताखालीं केलेला अभ्यास यांनाहि त्यानें तिच्याच पंक्तीस बसविलें, आणि तीन्ही मिळून एकच हेतु होतो, निरनिराळे तीन नव्हेत, असें बजावून ठेविलें. आपण मात्र पहिलें पद पाठ केलें आणि पुढचीं दोन सोडून दिलीं.

१९४० मध्यें, मुख्यतः आईच्या इच्छेखातर, राय शांतिनिकेतनांतील कलाभवनांत दाखल झाले. तेथें नंदलाल बोस व बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यासारखे गुरु लाभले. नंदलालबाबूंचीं पत्रें म्हणजे चित्रेंच असत. जें डोळ्यांस दिसेल तें पोस्टकार्डावर चार रेघांत टिपून ते शिष्यांना व स्नेह्यांना धाडीत. याच दिवसांत राय आपल्या कांहीं सहाध्यायांबरोबर अजिंठा, वेरूळ व घारापुरी पाहून गेले. (पुढें आपल्या फेलूदा या गुप्तहेराची एक कथा त्यांनीं वेरूळासच घडविली.) अजिंठ्यास जाऊन आलेल्या वाचकांनीं पहिलें, सोळावें, सतरावें हीं लेणीं डोळे भरून पाहिलीं असतील, चोविसाव्यापाशीं ते क्वचितच थांबले असतील, कारण तें अपुरें राहिलेलें. आम्हांस विचाराल तर विद्यार्थ्यानें त्या अपुऱ्या लेण्यांत घटकाभर अधिक घालवावी. पूर्ण झालेल्या लेण्यांत कारागीर लपतो. अपुऱ्यांत छिन्नीचे घाव दिसतात, दगड कोठून काढला, कोठें राखून ठेविला, खांबाचा आकार कोणत्या क्रमानें मोकळा होत गेला, तें सारें दिसतें.

कलाभवनाचा अभ्यासक्रम राय यांनीं पुरा केला नाहीं. १९४२ च्या अखेरीस ते कलकत्त्यास परतले आणि १९४३ मध्यें डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनींत दरमहा ८० रुपयांवर लागले. जाहिरातींची चित्रकला म्हटली कीं आपल्या सुशिक्षित घरांत नाकें मुरडलीं जातात. साबणाच्या वडीचें चित्र काढणें म्हणजे सरस्वतीला बाजारांत नेऊन बसविणें, असा कांहीं तरी समज आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. जागा ठरलेली, दिवस ठरलेला, मजकूर दुसऱ्याचा, आणि पाहणारा घाईंत. अशा चौफेर बंधनांत जो काम करतो त्याला अनावश्यक रेघ टाकून देण्याची संवय लागते. वसंततिलकेंत चौदाच अक्षरें बसतात म्हणून कवि रडत नाहीं. पंधरावें अक्षर मुळांत हवेंच होतें काय, असें तो स्वतःला विचारूं लागतो.

नोकरी सांभाळून ते सिग्नेट प्रेस या नव्या प्रकाशनसंस्थेचीं मुखपृष्ठें करीत. जिम कॉर्बेटच्या कुमाऊंतील नरभक्षक वाघांवरील पुस्तकाच्या बंगाली आवृत्तीचें मुखपृष्ठ त्यांतील फार प्रसिद्ध आहे. पुस्तकाचें सारें वेष्टण म्हणजे वाघाचें पट्टेरी कातडें. पुढील बाजूस बंदुकीच्या गोळीचें लहानसें छिद्र आणि मागील बाजूस तीच गोळी बाहेर पडल्याचें मोठें छिद्र. पुस्तक हातांत धरलें कीं गोळी त्यांतून आरपार गेलेली! आतां ही कल्पना वीज चमकावी तशी सुचली असेल असें आपण म्हणूं. पण जरा थांबून विचार केला तर तिच्यांत निदान तीन ज्ञानें एकत्र आलेलीं दिसतात. पुस्तकाला पाठ व पोट असतें आणि दोहोंमध्यें जाडी असते, हें छापखान्याच्या माणसाचें ज्ञान. शिरतांना गोळी लहान भोंक पाडते आणि निघतांना मोठें, हें शिकाऱ्याचें ज्ञान. आणि वाघ मुळींच न काढतां वाघ दाखवितां येतो, हें चित्रकाराचें. यांतील एकहि ज्ञान कोणाच्या पोटांतून येत नाहीं.

याच प्रकाशनानें बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या कादंबरीची मुलांसाठीं संक्षिप्त आवृत्ति काढली. तिचें नांव 'आम आंटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पुंगी. १९४४ च्या सुमारास तिचीं चित्रें राय यांनीं काढलीं, आणि त्यांपैकीं कित्येक पुढें जवळजवळ जशींच्या तशीं त्यांच्या चित्रपटांत दृश्यें होऊन अवतरलीं. म्हणजे ज्या चित्रपटानें १९५५ मध्यें जगाला चकित केलें, त्याचीं बीजें दहा वर्षें आधीं मुलांच्या पुस्तकांत पडलेलीं होतीं.

त्या चित्रपटासाठीं संवादासह लिहिलेली रीतसर संहिता नव्हतीच. टिपणांचे कागद होते आणि एक चित्रवही होती. तींत चौकटीमागून चौकट, काळ्या शाईच्या छटांनीं, कथा दृश्यरूपानें उतरविलेली. पात्र कोठें उभें, आपण त्याला कोठून पाहावयाचें, जवळून कीं दुरून, हें प्रत्येक चौकटींत ठरवावें लागतें. आणि जाहिरातीच्या चौकोनांत वस्तु नेमकी कोठें बसवावी हें रोज ठरविणाऱ्या हातानेंच तें ठरविलें. ही वही घेऊन राय निर्मात्यांच्या पायऱ्या झिजवीत हिंडले. चित्रें पाहून कोणी पैसे दिले नाहींत. विम्यावर कर्ज काढलें, पत्नीचे दागिने गहाण पडले, नोकरी चालूच होती. सुटीच्या दिवशीं चित्रण व्हावयाचें. २७ ऑक्टोबर १९५२ रोजीं काशाच्या माळांतून दोघां भावंडांच्या भटकंतीचें पहिलें दृश्य घेण्यास आरंभ झाला. कालिदासानें ऋतुसंहारांत शरदाला ज्या काशाचें वस्त्र नेसविलें, तोच हा पांढऱ्या तुऱ्यांचा काश. आठवड्यानें उरलेलें दृश्य पुरें करावयास जाऊन पाहतात तों गुरांनीं सगळा माळ चरून टाकलेला! पुढच्या शरदापर्यंत थांबणें आलें. त्यानंतरहि पैशाअभावीं काम महिनोन् महिने बंद पडे. अखेर पश्चिम बंगालच्या सरकारनें रस्तेसुधारणेच्या खात्यावर टाकून पैसा दिला, तेव्हां चित्रपट पुरा झाला.

या सुमारें तीन वर्षांत बदललें नाहीं असें काय राहिलें असेल? मुलें वाढत होतीं, ऋतु उलटत होते, सोबती चिंतेंत होते. अशा वेळीं मनांतील प्रतिमा पुसट होऊं न देणारी जी एक वस्तु, ती म्हणजे तीं चित्रें. आपण अशा वह्यांना 'कच्च्या' म्हणतों. येथें तर सगळ्या कारभारांत पक्की अशी ती एकटीच होती! ती चित्रवही राय यांनीं पुढें पॅरिस येथील सिनेमातेक फ्रान्सेज या संग्रहालयास दिली. तींतील चित्रें २०१६ मध्यें पुस्तकरूपानें छापून निघालीं आहेत.

पुढच्या चित्रपटांच्या वेळीं मात्र तांबड्या वह्यांचा प्रघात पक्का झाला. त्या वह्यांत काय नाहीं? बंगाली हस्ताक्षरांत संवाद, पात्रांचे पोशाख, पगड्या, दागिने, खोलींतील सामानाची मांडणी, संगीताचीं टिपणें, आणि चित्रपटाच्या नांवाचीं अक्षरें. हीं अक्षरें विशेष पाहण्यासारखीं आहेत. एकच नांव पुन्हां पुन्हां निरनिराळ्या वळणांनीं काढून पाहिलेलें. एखादें वळण पुढें नेलेलें, एखादें तेथेंच सोडलेलें. सोडून दिलेल्या अक्षरांतहि आळस दिसत नाहीं. तें वाईट म्हणून सुटलेलें नसतें. त्या कथेचें नसतें म्हणून सुटतें.

हें पाहतांना आम्हांस राजशेखराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. महाराष्ट्राचा चूडामणि म्हणून वाखाणलेल्या अकालजलदाचा हा वंशज. सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं त्यानें 'काव्यमीमांसा' लिहिली आणि तींत कवीच्या दिवसाचे चार प्रहर वांटून दिले. पहिला अभ्यासाला, दुसरा रचनेला, भोजनोत्तर तिसरा काव्यगोष्ठीला, आणि चौथा? चौथ्यांत सकाळीं जें रचलें त्याची परीक्षा करावयाची. कारण, तो म्हणतो, रसाच्या आवेशांत लिहितांना विवेकाची दृष्टि जागी नसते. म्हणून अधिक झालें तें काढावें, उणें राहिलें तें भरावें, भलत्या जागीं पडलें तें हलवावें, आणि विसरलें तें आठवून घालावें. प्रतिभेचेहि त्यानें दोन प्रकार केले: निर्माण करणारी ती कारयित्री, आणि पारख करणारी ती भावयित्री. या दोघी एकाच ठायीं नांदतात कीं नाहीं, याविषयीं त्यानें आचार्यांचीं निरनिराळीं मतें दिलीं आहेत. तो प्रश्न ग्रंथांत अनिर्णीत वाटला तरी चित्रकाराच्या वहींत सुटलेला दिसतो. एका पानावर दोघींचा संवाद चाललेला असतो; एक म्हणते 'हें असें', दुसरी म्हणते 'नव्हे', आणि त्या 'नव्हे'च्या पुढची रेघ पहिलीपेक्षां शहाणी असते. कल्पना कोठून येते हें वही सांगत नाहीं. तें गूढ वहीबाहेरच राहतें. आलेल्या कल्पनेला कोणत्या कसोटीवर घांसली, एवढेंच ती सांगते, आणि शिकणाऱ्याला शिकण्यासारखा भाग तेवढाच आहे.

याचें एक सुंदर उदाहरण वहीच्या बाहेर, उघड बाजारांत आहे. १९६१ पासून कलकत्त्यास निघूं लागलेल्या 'एक्षण' या वाङ्मयीन नियतकालिकाचीं मुखपृष्ठें राय करीत. नांवाचीं बंगाली अक्षरें तीनच: ए, क्ष आणि ण. दर अंकाला तींच तीन अक्षरें नव्या रूपांत नटून येत. कोठें जाड, कोठें बारीक, कोठें चौकोनी, कोठें फुलासारखीं. अंक शेजारीं शेजारीं मांडले तर ती एक प्रकारची चित्रवहीच होते. आणि तीतून जो प्रश्न उभा राहतो तो आम्हां व्याकरणाच्या विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. अक्षराला किती वांकवावें, म्हणजे तें तेंच अक्षर राहतें? बालकानें म्हटलेला 'क' आणि वृद्धानें म्हटलेला 'क' यांचा ध्वनि भिन्न, तरी वर्ण एकच, हें आपल्या वैयाकरणांनीं कानासाठीं सांगितलें. राय तेंच डोळ्यांसाठीं तपासून पाहत होते. त्यांनीं रोमन लिपीचेंहि 'राय रोमन' नांवाचें एक वळण तयार केलें आहे.

कोणी रसिक येथें म्हणतील कीं, कलावंताचीं टांचणें चाळणें म्हणजे पंगतीच्या पाहुण्यानें स्वयंपाकघरांत डोकावणें. वाढलेल्या पानाचा आस्वाद घ्यावा आणि हात धुवावे. पाहुण्यापुरतें हें ठीक आहे. पण ज्या घरच्या मुलीला पुरणपोळी शिकावयाची आहे तिला पान पाहून काय कळणार? पहिली पोळी फाटते, दुसरींत पुरण कडेला जात नाहीं, हें तिनें चुलीपाशीं उभें राहूनच पाहिलें पाहिजे. आणि आजीचीहि कधीं काळीं फाटत असे, हें कळलें म्हणजे तिला जो धीर येतो तो कोणत्याहि उपदेशानें येत नाहीं.

हल्लीं मुखपृष्ठें बहुधा संगणकाच्या पडद्यावर आखलीं जातात. त्याबद्दल आम्हांस तक्रार नाहीं, साधनें बदलावयाचींच. परंतु पडद्यावर दुरुस्ती झाली कीं आधींची रेघ नाहींशी होते, आणि दिवसाच्या अखेरीस एक निर्दोष आकृति तेवढी उरते. खर्चाची बाजूच लिहिली जात नाहीं. ज्या घरांतील मुलें हें काम शिकत असतील त्यांनीं प्रत्येक फेरफाराची प्रत तारीख घालून निराळी ठेवावी. यंत्राला तें जड नाहीं. आणि कागदावर काढणाऱ्यांच्या वह्या परीक्षा संपतांच रद्दीच्या तागडींत जातात, त्यांतून निदान एक वर्षाआड एखादी तरी माळ्यावर ठेवावी, एवढें घरांतील वडीलधाऱ्यांना सांगावेंसें वाटतें. राय यांचे कागदपत्र व चित्रपट जतन करण्यासाठीं कलकत्त्यास १९९४ मध्यें संस्था निघाली. आपल्या घरीं माळाच संस्था.

जातां जातां एका वहीची हकीकत. राय यांनीं १९६२ मध्यें 'संदेश' मासिकांत, जें त्यांनींच आदल्या वर्षीं पुन्हां सुरू केलें होतें, बंकुबाबू नांवाच्या एका भिडस्त खेडवळ शिक्षकाची आणि परग्रहावरून आलेल्या पाहुण्याची गोष्ट लिहिली. तीच कल्पना वाढवून १९६७ मध्यें त्यांनीं इंग्रजींत 'दि एलियन' ही चित्रपटकथा रचली. बंगालच्या खेड्यांतील कमळांनीं भरलेल्या तळ्यांत एक यान उतरतें, अशी तिची सुरुवात. हॉलिवुडमधील कोलंबिया कंपनीशीं बोलणीं झालीं, मोठमोठ्या नटांचीं नांवें निघालीं, आणि सर्व बारगळलें. चित्रपट कधींच झाला नाहीं. पण त्या पाहुण्याची आकृति राय यांनीं काढून ठेविली होती. अंगानें मुलासारखा सडपातळ, डोकें मोठें, डोळ्यांच्या जागीं खोल खोबणी. कागदावर तो अजून तसाच उभा आहे.